टेपखालचं बोट

१

मास्तरांचा रविवार झिपरीपासून सुरू व्हायचा.

झिपरी म्हणजे झाड. निवडुंगाच्याच जातीचं, पण अंगाला काटा म्हणून नाही. पावसाळी रानात मोठाल्या झाडांच्या फांद्यांवर बसायचं आणि खाली लोंबत राहायचं, एवढाच या जातीचा उद्योग. घरात आणलं की छताच्या हुकाला टांगायचं आणि बारीक, गोल, हिरव्या दांड्यांचा पसारा खाली सोडून द्यायचा. हे ध्यान पहिल्यांदा घरात आलं तेव्हा मास्तरांच्या बायकोनं कमरेवर हात ठेवून म्हटलं होतं, "अगं बाई, काय ही झिपरी! हिला कोणी फणी दाखवली नाही वाटतं?" तेच नाव पडलं.

आता बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि झिपरी मास्तरांच्या गळ्यात पडली होती. बायकोनं जाण्याआधी, उशीवर वही टेकवून, झिपरीचे नियम लिहून ठेवले होते. थेट ऊन दाखवायचं नाही, पडद्याआडचा उजेड पुरे. वरची माती वाळल्याशिवाय पाणी नाही, नाहीतर बुडखा कुजतो. दांड्या सुरकुतल्या तर ती तहानलेली आहे, रागावलेली नाही. रविवारी कुंडी उतरवून बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की निथळत ठेवायची आणि परत टांगायची. तोंड ज्या बाजूला होतं त्याच बाजूला. कुंडी फिरवली की रुसते. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "आणि माप घ्यायचं विसरू नका."

माप! मास्तर म्हणजे शिंपी. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे दुकान आणि मागे घर. दुकानातल्या मापांच्या वहीचं शेवटचं पान बायकोनं झिपरीला देऊन टाकलं होतं. दर रविवारी ती मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घ्यायची, सगळ्यात लांब दांडी मोजायची आणि तारीख घालून आकडा लिहायची. मास्तर चिडवायचे, "झाला का झिपरीचा कोट शिवून?" ती म्हणायची, "तुमच्या गिऱ्हाइकांपेक्षा बरी आहे. पोट आत ओढून उभी राहत नाही."

ती गेल्यावर मास्तर हे सगळं तसंच करत राहिले. करणार काय दुसरं? रविवारी दुकान बंद, बोलायला माणूस नाही. दोन कपांपैकी एकच कप विसळायचा असतो, त्याला किती वेळ लागतो?

२

या दांड्या फार सावकाश वाढतात. महिन्यात अर्धा इंच वाढली तरी बायको शेजारपाजाऱ्यांना सांगत सुटायची. त्या रविवारी मास्तरांनी टेप लावला तर खिडकीकडची एक दांडी भसकन खाली आली होती. एकोणतीस इंच. आधीच्या रविवारी तीच पंचवीसला होती.

"बापरे," मास्तर म्हणाले. "काय खाल्लंस ग?"

दांडीच्या टोकाला कोवळा पोपटी कोंब असतो, वाढ चालू असल्याची खूण. इथे तो नव्हता. टोक गोल, गडद आणि पूर्ण. कात्रीनं कापून दुमडून शिवल्यासारखं. मास्तरांनी आकडा लिहिला, २९, आणि चहा टाकला.

पुढच्या रविवारी ती दांडी एकोणतीसवरच होती. पण तिच्या शेजारी एक नवीनच आली होती, आठ दिवसांत साडेसतरा इंच. तिचंही टोक बंद. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी, तेवीस.

मास्तर रोपवाटिकेत गेले. तिथली रोपवाली बाई हातभर मातीत काम करता करता बोलायची आणि बोलता बोलता काम करायची.

"पाणी जास्त होतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"वाढतंय ना? मग रडताय कशाला? लोक मेलेली झाडं घेऊन येतात माझ्याकडे."

"अहो पण एवढं? आठवड्यात?"

"मास्तर, माप घ्यायची सवय तुम्हाला आहे, झाडाला नाही. मोजताना चुकला असाल." मग तिला त्यांचा चेहरा दिसला असावा. हात झटकत ती जरा हळू म्हणाली, "गरीब जात आहे हो ही. दुसऱ्याच्या अंगावर वाढते, पण त्याला खात नाही. नुसता आधार घेते. धरते, आवळत नाही."

मास्तरांना बरं वाटलं. मोजण्यात मात्र आपण चुकलो असू, हे त्यांना काही पटलं नाही. चाळीस वर्षं टेप गळ्यात होता.

३

झिपरीच्या खाली आरामखुर्ची होती. दुपारी जेवण झालं की मास्तर तिच्यात टेकायचे. ती खुर्ची बायकोची. ती असताना मास्तर कधी तिच्यात बसले नाहीत, आता दुसरीकडे झोप लागत नव्हती.

चौथ्या रविवारी ते जागे झाले ते छातीला गार लागलं म्हणून. बघतात तर सदऱ्यावर ओल. पाणी घातल्यावर झिपरीच्या दांड्यांवरून थेंब पडतात, त्यात काय मोठंसं? उठले, सदरा काढला, खिडकीच्या दांडीवर वाळत टाकला. आणि मग तिथेच उभे राहिले.

ओल थेंबांची नव्हती. ती रेघ होती. बोटभर रुंदीची, काखेखालून निघून छातीवरून दुसऱ्या काखेखाली गेलेली. मास्तरांनी सदरा उलटा केला. रेघ पाठीवरही होती, सरळ, कुठेही न तुटता. पाठ तर खुर्चीला टेकलेली होती.

"घाम," मास्तर मोठ्यानं म्हणाले. एकट्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय लागते. "म्हातारपणी कुठेही येतो."

मोजायचं राहिलं होतं. झिपरीची चौथी दांडी खुर्चीच्या पाठीपर्यंत आली होती. अडतीस इंच.

४

शिंप्याला आकडा सुटा दिसत नाही. तो उभ्या ओळीत दिसतो. पाचव्या रविवारी मास्तरांनी चौतीस लिहिलं, पेन बंद केलं, आणि सवयीनं ओळ वरून खाली वाचली. एकोणतीस, साडेसतरा, तेवीस, अडतीस, चौतीस.

लांबी, खांदा, बाही, छाती, कंबर.

मास्तरांना खुर्चीत बसावंसं वाटलं, पण ते कटिंगच्या टेबलाला टेकून उभे राहिले. हे शर्टाचं माप होतं. ज्या क्रमानं ते रोज घ्यायचे, त्याच क्रमानं. शिकाऊ पोरालासुद्धा समजलं असतं.

मग कोणाचं? मास्तरांनी वही पहिल्या पानापासून चाळली. दुपार त्यातच गेली. छाती जुळायची तर खांदा नाही, खांदा जुळायचा तर बाही लांब. एकाही गिऱ्हाइकाचं नव्हतं. शेवटी मधलं एक पान निघालं, बायकोच्या तिरक्या अक्षरातलं. वर नाव लिहिलं होतं, "आमचे हे".

कारण शिंप्याला सगळ्या जगाचं माप घेता येतं, स्वतःचं तेवढं नाही. हात वर केला की खांदा हलतो, वाकून टेप बघायला गेलं की छाती बसते. मास्तरांचं माप चौतीस वर्षं बायकोनंच घेतलं. तिला त्यांनीच शिकवलं होतं. टेप अंगाला लागू द्यायचा, पण खाली एक बोट घालायचं. एकच. तेवढा श्वास कपड्यात राहिला पाहिजे. दोन बोटं घातली तर कॉलर मानेभोवती गरगर फिरते, आणि एकही घातलं नाही तर माणूस घरी जाऊन शिव्या घालतो.

गळा सगळ्यात शेवटी. ती दुकानातल्या खुर्चीमागे उभी राहायची, टेप पुढून मागे घ्यायची, आणि टेपखाली तिचं सुईनं टोचून खरखरीत झालेलं बोट सरकायचं. मग न चुकता विचारायची, "आवळू का हो?"

"आवळ, सुटेन एकदाचा."

"इतक्यात नाही," ती म्हणायची, त्याच बोटानं त्यांच्या हनुवटीला टिचकी मारायची आणि वाकून आकडा वाचायची. एवढाच विनोद. चौतीस वर्षं पुरला.

पानावर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. लांबी साडेएकोणतीस, खांदा अठरा, छाती एक्केचाळीस, कंबर अडतीस. जुळत नव्हतं! मास्तरांनी वही मिटली आणि स्वतःशीच हसले. काय पण वेडेपणा. त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी झिपरीखाली बसून दुसरा चहा घेतला.

आणि गंमत बघा, हेच मास्तर गिऱ्हाइकांना दरडावायचे, "जुन्या मापावर मी कपडा शिवत नाही. सहा महिन्यांत माणूस बदलतो."

५

सहाव्या रविवारी लेक आली. ती दुसऱ्या गावी राहायची. वडिलांना घेऊन जायचं, हे तिनं आधी फोनवर आडून आडून सांगितलं होतं, आता खोके घेऊनच आली.

"बाबा, पुढच्या रविवारी गाडी आणते. आता काही ऐकणार नाही."

"आणि झिपरी?"

"माझ्याकडे खिडकीत दिवसभर ऊन असतं, जळून जाईल ती. रोपवालीशी बोलले मी, ती सांभाळेल."

जायला त्यांची ना नव्हती. खरं सांगायचं तर या खोल्यांचा त्यांना कंटाळा आला होता, मशीन थांबलं की कान बधिर होतील इतकी शांतता यायची. पण त्या सकाळी सहावी दांडी निघाली होती, सदतीस. सीटचं माप, म्हणजे कमरेखालचा घेर. आता फक्त गळा राहिला होता.

"केवढे वाळलात हो तुम्ही," लेक म्हणाली. त्यांच्या सदऱ्याचा खांदा तिनं चिमटीत धरला. "हा बघा, ओघळतोय. तुमच्यासाठी एक तयार शर्ट आणते. साईज काय तुमची?"

"तयार शर्ट?" मास्तर असे काही दचकले की लेकीला हसू फुटलं. मग ते काही वेळ टेपशी चाळा करत राहिले, आणि एकदम म्हणाले, "तूच घे माप. लिहून घे या कागदावर."

लेकीला हे काम फारसं जमत नव्हतं. तिनं लांबी घेतली. "एकोणतीस." खांदा घेतला. "साडेसतरा." बाही तेवीस. तिनं छातीभोवती टेप गुंडाळला आणि म्हणाली, "सदतीस."

"सदतीस?"

"हो, सदतीस. बघा की."

मास्तरांनी श्वास सोडला. नाही. अडतीस नाही, सदतीस. म्हणजे सगळा योगायोगच...

"अगं," ते म्हणाले, "बोट घातलंस का खाली?"

"अरे हो! आईचं बोट." तिनं टेपखाली बोट सरकवलं. "आता अडतीस."

लेकीनं मान वर केली तेव्हा वडील झिपरीकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरलेले होते. आईची आठवण आली असणार, असं समजून तिनं त्यांना जवळ घेतलं. तिचं चूकही नव्हतं.

६

तो आठवडा मास्तरांनी सामान बांधण्यात घालवला. निदान तसं दिसत होतं. दुकानातला उभा आरसा त्यांनी मागच्या खोलीत आणून भिंतीला टेकवला, कात्र्या तेल लावून फडक्यात गुंडाळल्या, खडूचे तुकडेसुद्धा डबीत भरले. आणि दुपारी खुर्चीत बसायचं टाळलं.

विचार एकच. आपलं माप कोणीतरी घेतलंय. आताचं माप, या दहा महिन्यांत वाळलेल्या अंगाचं. एक बोट घालून. असं बोट घालणारी जगात एकच बाई होती, आणि ती गेली तेव्हा तिचा हात मास्तरांच्याच हातात होता.

कधी त्यांना वाटे, आपलं डोकं फिरलंय. झाड वाढतं, आकडे जुळतात, हजार दांड्या मोजल्या तर सगळ्या गावाची मापं निघतील. कधी वाटे, ती असेल तर? तिनं झिपरीला जपलं, झिपरीनं तिला जपलं असेल तर? ती असेल तर आपण तिला या रिकाम्या खोल्यांत टाकून जाणार? छे! लेक रागावली तरी चालेल, गाडी परत पाठवू. ती असेल तर जायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पण खात्री करायला हवी होती. आणि खात्री करायला एकच माप उरलं होतं.

एका दुपारी त्यांनी स्वतःच टेप गळ्याभोवती घेतला. टेपखाली स्वतःचं बोट घालून पाहिलं. स्वतःचं बोट स्वतःला कळतं. त्यात काही मजा नाही. इतका एकटेपणा त्यांना ती गेली त्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता.

७

सातव्या रविवारी सकाळी त्यांनी झिपरीला पाणी दिलं, निथळवलं, परत हुकाला लावलं. तोंड त्याच बाजूला. नवीन दांडी आली नव्हती.

लेक अकराला आली. खोके एकेक करून खाली नेऊ लागली. मास्तर उचलायला वाकले तर ओरडली, "तुम्ही बसा! कंबर धरून बसाल नाहीतर. मी सामान गाडीत लावून येते, मग निघू. झिपरीला न्यायला रोपवाली दुपारी येणार आहे."

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. खोलीत आता खुर्ची, आरसा आणि झिपरी एवढंच उरलं होतं. खिडकीतून पडद्याआडचा मऊ उजेड येत होता. मास्तर खुर्चीत बसले. पाठ ताठ, नजर समोर. गिऱ्हाइकाला बसवायचे तसे.

"हं," ते म्हणाले. "घे."

काही झालं नाही. खालून लेकीचा आवाज येत होता, ती ड्रायव्हरशी हुज्जत घालत होती. झिपरीचा एक थेंब फरशीवर पडला. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. साठी उलटलेला माणूस, झाडाखाली बसून मान पुढे करतोय! ते उठायला लागले.

तेवढ्यात मानेला गार लागलं.

ते पुढून आलं, कंठाच्या खालून, आणि दोन्ही बाजूंनी मागे गेलं. बारीक, गोल, ओलसर. घाई नाही, धक्का नाही. मागे दोन टोकं जुळली, तशी ती नेहमी जुळवायची. मास्तरांनी श्वास धरून ठेवला. बोट नसेल तर ती नव्हे. बोट नसेल तर ओरडायचं, लेक खालीच आहे.

आणि बोट आलं.

डाव्या बाजूनं, कानाखालून, टेप आणि कातडी यांच्या मध्ये सरकत. खरखरीत. तिच्या बोटाला सुईच्या खुणा होत्या म्हणून खरखरीत, की या दांड्यांना बारीक मुळं फुटतात म्हणून खरखरीत, एवढा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो ढकलून दिला. एकच बोट होतं. चौतीस वर्षं होतं तिथेच होतं. मास्तरांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. दहा महिन्यांत त्यांना कोणी असा हात लावला नव्हता.

"आलीस होय," ते म्हणाले. "मी नाही जात कुठे. सांगतो तिला. गाडी परत जाईल."

मागे कोणीतरी थांबून राहिलं होतं. कशाची तरी वाट बघितल्यासारखं. मास्तरांना कळलं कशाची, आणि रडता रडता त्यांना हसू आलं. तोंडातून सवयीनंच निघून गेलं.

"आवळ, सुटेन एकदाचा."

जिन्यावर लेकीची पावलं वाजली. "बाबा, झालं का?"

मास्तरांनी समोर आरशात पाहिलं. खुर्चीमागे झिपरीच्या दांड्या सोडलेल्या केसांसारख्या खाली आल्या होत्या, आणि त्यांच्या आड कोणीतरी वाकलं होतं, आकडा वाचायला वाकतात तसं. चेहरा दिसत नव्हता. टिचकीसाठी मास्तरांनी हनुवटी जराशी वर केली.

टिचकी आली नाही, की "इतक्यात नाही"ही आलं नाही. टेपखालचं बोट हळूच मागे सरकलं आणि निघून गेलं.